सातवं अक्षर

हुसेनमियाँ परकारांच्या कामात खोट काढणारा माणूस सौदीतल्या दम्मामच्या सोनारबाजारात शोधून सापडायचा नाही. बांगडीवर वेल कोरायची असो, अंगठीच्या आतल्या बाजूला नवरीचं नाव घालायचं असो, काम फिरून फिरून त्यांच्याकडेच यायचं. माणूसही तसाच. नमाज चुकवायचा नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोक म्हणायचे, हुसेनमियाँकडे वस्तू ठेवायला द्या आणि खुशाल विसरून जा. हल्ली मात्र कुणी असं कौतुक काढलं की हुसेनमियाँ चहा अर्धा टाकून उठतात. का उठतात ते फक्त त्यांच्या बायकोला, सुरैयाला, ठाऊक आहे.

चौतीस वर्षांपूर्वी दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते इथे आले ते पॉलिशवाले म्हणून. दिवसभर फिरत्या चाकावर दागिना धरायचा आणि लाल पावडरीनं हात, नाक, कान माखून घ्यायचे, एवढंच काम. त्या कारखान्यात कोरीव कामाचा मुख्य कारागीर होता बेद्रोस. बेरूतचा अर्मेनी. उंच, खांद्यातून वाकलेला, एका डोळ्याला कायम भिंग अडकवलेला आणि तोंडाचा महाफटकळ. पहिल्याच आठवड्यात त्यानं हुसेनच्या हातातली बांगडी हिसकावून घेतली.

"पॉलिश करतोस की सोनं खातोस? माझी अर्धी वेल पुसून टाकलीस, गाढवा! नक्षी काय असते ते कळल्याशिवाय तुला पॉलिश यायचं नाही. बस इथे."

असं म्हणून त्यानं एक तांब्याची पट्टी आणि एक जुनी कोरणी पुढ्यात टाकली. शिव्या खात खात हुसेनमियाँ कोरीव काम शिकले. तोडक्यामोडक्या अरबीत शिव्या, तोडक्यामोडक्या अरबीत उत्तरं. पण खरं सांगायचं तर बापानं शिकवलं नसतं इतकं त्या माणसानं शिकवलं. हुसेन त्याला मुअल्लिम म्हणायचे. इकडे हाताखाली शिकणारे उस्तादाला तसंच म्हणतात.

बेद्रोसच्या बाकाला खण होते आणि खणांवर आकड्यांऐवजी त्याची अर्मेनी अक्षरं रंगवलेली होती. "सातवा उघड," असं तो ओरडला की हुसेन एक-दोन-तीन करत मोजत बसायचे. शेवटी वैतागून बेद्रोसनं सातव्या खणावरचं अक्षर बोटानं ठोकून दाखवलं. Է. एक उभा दांडा आणि उजवीकडे निघालेल्या आडव्या रेघा.

"हे लक्षात ठेव. आमच्यात अक्षर तेच आणि आकडा पण तोच. हे सातवं, म्हणजे हाच सात."

"आणि दहा, वीस?"

"पहिली नऊ अक्षरं एक ते नऊ. पुढली नऊ दहापासून नव्वद. मग शंभर, मग हजार. छत्तीस अक्षरांत सगळा हिशोब बसवलाय लेकाच्यानं."

"कोणी?"

"मेस्रोप. साधू होता. सोळाशे वर्षं झाली. आमच्याकडे बोली होती, पण ती लिहायला अक्षरं नव्हती. ग्रीकांची, सिरियावाल्यांची उसनी आणून भागवायचे. ह्यानं वणवण केली आणि आपली घडवली. कुणी म्हणतं त्याला ती साक्षात दिसली. मी काय बघायला गेलो नव्हतो. पुढे कैक शतकांनी आणखी दोन आली, आता अडतीस आहेत."

"मग ह्या सातव्यातच काय एवढं? तुम्ही बसल्या बसल्या सारखं तेच काढत असता."

बेद्रोसनं भिंग डोळ्यावरून वर केलं. "ते एकटं अक्षर म्हणजे आमच्यात आख्खा शब्द आहे. 'आहे.' तो आहे. देव आहे. आमच्या चर्चमध्ये वेदीच्या वर हे एकच अक्षर लावतात. त्यापुढे दुसरं काय लिहायचं?"

हुसेनमियाँ तेव्हा पाय पसरून बसले होते आणि पाय नेमके त्या खणाकडे होते. त्यांनी गपकन पाय आवरून घेतले. बेद्रोसनं ते पाहिलं. त्या दिवशी त्यानं एकही शिवी दिली नाही, हे कारखान्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं.

पुढे कळलं की बेद्रोसची स्वतःची खूणही तेच अक्षर. दुकानाचा छाप वेगळा, तो कायद्यानं लागायचा तिथे लागायचा. हे अक्षर मात्र तो बांगडीच्या कडीच्या आतल्या अंगाला, भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक घालायचा. दम्माम, कतीफ, पार खमीस मुशैतपर्यंतच्या बायकांच्या मनगटांवर ते वर्षानुवर्षं फिरतंय आणि एकीलाही त्याचा पत्ता नाही. बेद्रोसची नजर मंद झाली तशी ती खूण हुसेनमियाँ घालू लागले. पुढे पुढे हात इतका बसला की बोलता बोलता, न बघता निघायचं.

"उरलेली पण शीक रे," बेद्रोस म्हणायचा. "सदतीसच तर राहिली. महिन्याभरात माझी वही वाचशील."

"मला काय करायचंय, मुअल्लिम? गिऱ्हाइकाचं नाव अरबीत, घरचं पत्र मराठीत. आता ह्या वयात कुठे नवीन डोक्याला ताप!"

हे वय म्हणजे अडतीस, बरं का. अडतिसाव्या वर्षी म्हातारपणाचं सोंग घेणारा माणूस आज साठी ओलांडून त्या वाक्यापाशी अडकून बसलाय.

आता त्या वहीचं सांगायला हवं. करड्या पुठ्ठ्याची, कापडात गुंडाळलेली, सातव्या खणात ठेवलेली. बेद्रोसच्या बापानं हाताने केलेली. एका पानावर एक अक्षर आणि अक्षर सगळं पक्ष्यांचं: मान मुरडलेला मोर, चोचीत चोच घातलेली कबुतरं. बेद्रोस ती नक्षीचा नमुना म्हणून उघडायचा, पण उघडण्याआधी मोरीवर जाऊन हात धुवायचा. साबण लावून, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मग स्वच्छ फडक्याला पुसून पान उलटायचा आणि पानावर बोट ठेवून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचा. सातव्या पानावर तर हमखास.

हुसेनमियाँनी हे बघितलं आणि त्यांच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात धुऊन, किताब उघडतो, तोंडानं पढतो, आत देवाचं नाव. म्हणजे मुअल्लिमची ही पवित्र किताबच. तरी एकदा त्यांनी विचारलं, "ह्यात काय आहे?"

"आमचं सगळं," बेद्रोस म्हणाला.

झालं! पुढे वीस वर्षं त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. ते स्वतः वजूशिवाय त्या वहीला हात लावत नसत.

दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात बेद्रोसच्या पोटात दुखायला लागलं आणि तो इलाजासाठी बेरूतला निघाला. परत यायचा व्हिसा घेऊन निघाला होता. खणाची किल्ली त्यानं हुसेनमियाँच्या हातात दिली. "दोन महिन्यांत येतो. सातवा खण सांभाळ. हा माझ्या पोरीचा, तालीनचा, नंबर. काही झालं तर तिला फोन कर." हुसेनमियाँनी नंबर मोबाईलमध्ये घातला. बेद्रोस काही परत आला नाही. जानेवारीत तालीनचा निरोप आला की बाबा गेले.

त्यानंतर महिना झाला नाही तोच कारखान्याच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर परवाने होते त्या सौदी मालकानं, जागा विकली. तीन दिवसांत सगळं रिकामं करा, उरेल ते कचऱ्याच्या पेटीत, खलास! हुसेनमियाँनी वही पिशवीत घालून घरी आणली. आणली खरी, पण घरात ठेवायला धीर होईना. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नव्या कफीलच्या नावावर व्हायचा होता. अशा वेळी घरात दुसऱ्या धर्माची किताब, कुणी बघितली, कुणी विचारलं, तर काय सांगायचं? विचारणारं कोण होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"शारीकचे अब्बा, ठेवा की कपाटात," सुरैया म्हणाली. "कुठे खायला मागतेय?"

"त्यात देवाचं नाव हाय. साड्या-चादरींत कोंबायचं?"

"मग त्या पोरीला तरी विचारा."

दोनदा त्यांनी नंबर काढला. बाप जाऊन महिना नाही झाला, तिला अशात काय छळायचं, असं म्हणून दोन्ही वेळा मोबाईल खिशात गेला.

आणि मग त्यांना गावची रीत आठवली. कुराणाची जीर्ण पानं, फाटके सिपारे कुणी कचऱ्यात टाकत नाही. स्वच्छ कापडात बांधून वाहत्या, खोल पाण्यात सोडतात. त्याला थंड करणं म्हणतात. गावच्या मशिदीतलं हे काम तरुणपणी हुसेनवरच सोपवलेलं असायचं, कारण पोरगा नेक आणि पोहणारा पक्का. ही किताब आपली नाही, पण नाव त्याचंच आहे. कचऱ्यात जाण्यापेक्षा हे चांगलं. एकदा असं ठरलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी सकाळी ते कतीफला गेले. तिथल्या मच्छीबाजारात त्यांची ओळख होती. एका मच्छीमाराच्या होडीत बसून पार आत, पाण्याचा रंग बदलतो तिथवर गेले. काठावर सोडलं तर भरती परत आणते, हे खाडीकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको. नव्या पांढऱ्या कापडात वही गुंडाळलेली, दोन धोंडे आत, सात गाठी. दुवा म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. इतकं नीट, इतकं मन लावून त्यांनी ते केलं की ती वही पुन्हा कुणाच्या हाती लागायची काही सोयच उरली नाही. येताना पापलेट घेऊन आले आणि जुम्म्याच्या नमाजाला वेळेवर पोचले.

मार्चमध्ये तालीनचा फोन आला. "अम्मो हुसेन, बाबांची वही तुमच्याकडे आहे ना?"

अम्मो म्हणजे काका. आणि हुसेनमियाँच्या तोंडून निघालं, "हो बेटी. अमानत आहे. अगदी सुरक्षित जागी आहे."

आता ह्याला खोटं म्हणायचं की काय म्हणायचं? फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली की दर्याइतकी सुरक्षित जागा कुठली. सुरैया ताटं मांडायला उठली. नवऱ्याला बोलून दाखवायची तिची वेळ महिन्याभरापूर्वीच टळली होती.

मग कोरोना आला, विमानं बंद झाली. त्याच वर्षी बेरूतच्या बंदरात तो भयंकर स्फोट झाला, त्यात तालीनच्या घराची पुढली भिंत गेली, वर आग लागून कपाटं, फोटो, कागद सगळं गेलं. ती मेसेजमध्ये म्हणाली, "वही तुमच्याकडे आहे म्हणून धीर आहे." हुसेनमियाँनी उत्तरादाखल गुलाबाचं चित्र पाठवलं. दर ईदला ती आठवणीनं मुबारक म्हणायची आणि शेवटी विचारायची, वही बरी आहे ना? दर ईदला हे गुलाब पाठवायचे.

चार वर्षांनी, परवाच्या फेब्रुवारीत, ती आली. आता पर्यटनाचा व्हिसा सहज मिळतो. पंचेचाळिशीची, बापासारखीच उंच, शाळेत शिकवणारी. सुरैयानं घावणे आणि सुरमईचं कालवण केलं. तालीननं मनापासून खाल्लं, सुरैयाचे हात धरून शुक्रन शुक्रन म्हणाली. हुसेनमियाँ ताटातला घावणा नुसता मोडत होते. आठवडाभर त्यांनी एक वाक्य घोकून ठेवलं होतं: कफीलनं सामान फेकलं, त्यात गेली. कफील कधीच जागा विकून गेलेला. कोण विचारायला जातंय?

जेवण झालं. पोरगी वाट बघत होती. हुसेनमियाँ वेळ काढायला म्हणाले, "मुअल्लिम त्या किताबीला फार जपायचे. वजू केल्यासारखे हात धुवायचे, मगच उघडायचे."

तालीन खळखळून हसली. "किताब कसली, अम्मो! पॉलिशची लाल पावडर असायची ना हाताला? पानांना डाग पडू नयेत म्हणून धुवायचे. घरीसुद्धा आम्हाला ओरडायचे, हात दाखवा आधी!"

हुसेनमियाँ हसले नाहीत.

"तुम्हाला बाबांनी सांगितलं नाही? त्यात नावं आहेत. एकोणीसशे पंधराला तुर्कांनी आमच्या लोकांना घरांतून हाकललं, तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे असताना सिरियातल्या हलेबच्या अनाथाश्रमात पोचले. एकटे. घरची एकेचाळीस माणसं वाटेत, वाळवंटात गेली. कबर नाही, कागद नाही. आजोबांना लिहिता यायला लागलं तेव्हा त्यांनी नावं आठवून आठवून लिहिली. अक्षरावार. ज्या अक्षरानं नाव सुरू होतं त्या अक्षराच्या पानावर. दर एप्रिलला आमच्याकडे आपापल्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात. बाबा इथून फोनवर वाचायचे, लाइन तुटायची, मी नुसती हो हो म्हणायचे. आता वाचणारी मीच उरलेय. मला तोंडपाठ एकोणीस येतात. ह्या एप्रिलला सगळी वाचणार आहे."

सुरैया स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. तिला अरबी फारसं कळत नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळतो. ती उठून उभी राहिली.

"बेटी, कफीलनं..." हुसेनमियाँनी सुरुवात केली. पुढचे शब्द तयार होते, जिभेवर होते. समोर ती बेद्रोसचे डोळे घेऊन बसली होती. ते वाक्य काही पुढे जाईना.

"कफीलनं काही नाही केलं," ते म्हणाले. "मी केलं. मी ती दर्यात सोडली."

मग सगळंच सांगितलं. थंड करणं म्हणजे काय, पांढरं कापड, होडी, धोंडे, सात गाठी. काही लपवलं नाही. म्हणाले, "देवाचं नाव आहे असं समजून आदरानं केलं." मग म्हणाले, "आणि भीतीनं केलं. खरं सांगू, भीतीच जास्त होती. आदराचं नाव पुढे केलं इतकंच."

तालीन म्हणाली, "फोटो? एखाद्या पानाचा तरी काढला असेल मोबाईलवर?"

फोटो! शारीकच्या पोराचे, झयानचे, दिवसाला चार फोटो येतात, ते चाळीस जणांना पुढे पाठवतात हुसेनमियाँ. पापलेटाचा फोटो काढतात. वहीचा एक काढला नाही.

"माझा नंबर होता ना तुमच्याकडे, अम्मो?"

"होता."

"मग?"

दोनदा काढून ठेवला, म्हणून सांगायचं? हुसेनमियाँ हमसून हमसून रडायला लागले. साठीचा माणूस, नातवंडं असलेला, परक्या पोरीसमोर. तालीन ओरडली असती, बोल बोल बोलली असती, तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा शेवटच्या दिवसांत म्हणायचे, वहीची काळजी करू नको. ती हुसेनकडे आहे. तो त्या खणाकडे पायसुद्धा करत नाही."

सुरैयानं पाणी आणून ठेवलं. दोघांनीही घेतलं नाही.

थोड्या वेळानं तालीननं डोळे पुसले आणि पर्समधून शाळेतल्या मुलांची असते तशी एक साधी वही काढली. तिची अक्षरं तिनं आधीच घालून आणली होती, एका पानावर एक. काही पानांखाली नावं होती, बरीचशी कोरी. जुन्या वहीवरून उतरवून घ्यायची म्हणूनच आणली असणार. तिनं सातवं पान उघडून हुसेनमियाँपुढे सरकवलं.

"हे पान तर तुम्ही रोज बघायचात. जरा आठवा. अक्षराखाली काय होतं?"

हुसेनमियाँनी डोळे मिटले. अक्षर लख्ख दिसलं. मोराची मान, पंखाची सोनेरी कड, दांड्याचा कोन, सगळं. ते अक्षर आजही ते डोळे बांधून कोरून देतील. अक्षराखाली बारीक, काळ्या शाईत लिहिलेलं पण दिसत होतं. नुसतं दिसत होतं.

"तीन ओळी होत्या," ते म्हणाले. "मधली सगळ्यांत लांब होती."

"तीन? नक्की?"

"तीनच. कोरायला बसलो की समोर असायच्या."

"एक एल्मास्त. आजोबांची थोरली बहीण," तालीन पुटपुटली. "ती मला ठाऊक आहे. आणि दुसऱ्या दोघी? का एक मुलगा होता? मला तर वाटायचं ह्या पानावर एकच आहे."

हुसेनमियाँनी मान हलवली. वीस वर्षं ती नावं त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर होती. बेद्रोस शेजारी बसून ती रोज म्हणत होता, आणि हे काय म्हणता म्हणून ह्यांनी एकदाही विचारलं नाही.

तालीननं पेन उघडलं आणि अक्षराखाली एल्मास्त असं लिहिलं. त्याच्याखाली दोन रेघा काढल्या. वरची, त्यांनी सांगितली तशी, जरा लांब काढली. शाई वाळेपर्यंत ती थांबली, मग दोन्ही रेघा तशाच कोऱ्या ठेवून तिनं वही मिटली.